फळी पाण्यावर उठते तेव्हा

विंडसर्फिंग १९८४ साली ऑलिंपिकमध्ये आले. या फळीला सुकाणू नसते. शीड पुढे कलवले की तोंड वाऱ्यापासून दूर वळते, मागे कलवले की वाऱ्याकडे येते.

मंद गतीत फळी पाणी बाजूला सारत जाते. वेग वाढला की पाण्याचाच दाब तिला उचलतो व ती पृष्ठभागावरून घसरू लागते. यालाच ‘प्लेनिंग’ म्हणतात. त्यासाठी वारा आडवा किंवा किंचित मागून घ्यावा, हात सरळ ठेवावेत आणि शरीराचा भार शिडाच्या आडव्या दांडीवर टाकावा. तो डोलकाठीतून फळीवर उतरतो व फळी सपाट राहते. पाय वेग येईल तसतसेच मागे न्यावेत. घाई केल्यास शेपूट बुडते आणि वेग मरतो.

वाऱ्याचा झोत आला की नवशिका दंडाच्या बळाने झुंजतो व दमतो. वास्तविक झोत तोलायचा तो वजनाने. माझे आजोबा शिडाची होडी हाकीत, तेव्हा झोत येताच माणसांना वाऱ्याकडच्या काठावर बसवीत. ते शाळेत गेले नाहीत. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यांच्या त्या हाकेला बलविज्ञानाचा आधार होता, हे मला या अभ्यासाने कळले. अशा अनुभवी हातांतील शास्त्र आपण विद्यार्थ्यांनी वेळीच लिहून ठेवावे, असे मला वाटते.