मोबाईल ॲपचे काम : शाखा बदलावी केव्हा आणि कशी?

मागावर, शिलाई मशीनवर किंवा दुकानात आयुष्य घालविलेल्या आपल्यातील अनेकांची मुले आज मोबाईलची ॲप्स बनवितात. दोन-तीन वर्षे झाली की त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहतो : पगार वाढत नाही, तेव्हा याच कामातली दुसरी शाखा धरावी काय? वडिलांना वाटते, हा आपल्या समजेबाहेरचा विषय आहे. वास्तविक हा हिशेबाचा प्रश्न आहे आणि व्यापाऱ्याला तो चांगला कळतो.

प्रथम शाखा कोणत्या ते पाहू. अँड्रॉइड फोनचे काम पूर्वी जावा भाषेत होई. २०१७ साली गूगलने कॉटलिन भाषेला मान्यता दिली व २०१९ पासून तिला पहिली पसंती दिली. आयफोनचे काम ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेत होई. २०१४ साली ॲपलने स्विफ्ट आणली. तिसरी शाखा एकाच लिखाणातून दोन्ही फोनचे ॲप काढण्याची. फेसबुकने २०१५ साली खुले केलेले रिॲक्ट नेटिव्ह आणि गूगलचे फ्लटर ही तिची साधने. चौथी शाखा सर्व्हरची. ॲप हा दुकानाचा दर्शनी भाग मानला, तर माल आणि खातेवही सांभाळणारी मागची खोली म्हणजे सर्व्हर.

भाव ठरतो तो मागणी किती आणि हात किती यावर. भारतात बहुतेक फोन अँड्रॉइडचे आहेत. म्हणून काम पुष्कळ, तसे कारागीरही पुष्कळ. आयफोनच्या कामाला मॅक संगणक लागतो, त्यामुळे तेथे गर्दी कमी. पण जागाही कमी. तेव्हा "अमुक शाखेत पैसा आहे" एवढे ऐकून धावू नये.

दुसरी गोष्ट, जुने हुनर नव्या कामात किती उपयोगी पडेल ते पाहावे. साध्या मागावरचा विणकर रेपिअर मागावर गेला, तर यंत्र नवे असते. पण सूत कसे आहे, ताणा कोठे तुटेल, हे त्याला आधीच ठाऊक असते. त्याचप्रमाणे जावा जाणणाऱ्याला कॉटलिन जवळची आहे. दोन्ही एकाच ॲपमध्ये शेजारी चालतात. फ्लटरकडे जाणाऱ्यालाही कॅमेरा, ब्लूटूथ यांची अडचण आली की अँड्रॉइडचे जुने ज्ञान कामी येते. सर्व्हरची शाखा जरा दूरची. पण तिचे काम मोबाईलपुरते मर्यादित नाही.

आता हिशेब मांडू. समजा, पगार ४०,००० रुपये आहे. नोकरी सोडून सहा महिने शिकण्यात घालविले, तर २,४०,००० रुपये बुडाले. नवी नोकरी ५०,००० ची मिळाली, तर महिन्याला १०,००० जास्त. म्हणजे बुडालेली रक्कम भरून निघायलाच २४ महिने लागतील. शिकवणीची फी व मॅकची किंमत यात धरलेली नाही. शिवाय नव्या शाखेत पुष्कळदा नवशिक्याच्या दरात सुरुवात करावी लागते. तेच शिक्षण नोकरी सांभाळून रोज दोन तास घेतले, तर वेळ जास्त लागेल, पण घरची चूल थंड पडणार नाही.

म्हणून तरुणांनी तीन गोष्टी कराव्यात. एक, शाखा निवडण्यापूर्वी नोकरीच्या तीस तरी जाहिराती वाचून कोणते कौशल्य वारंवार मागितले जाते ते वहीत लिहावे. दोन, नुसत्या प्रमाणपत्रावर न थांबता एक पूर्ण ॲप तयार करून लोकांसाठी खुले करावे. गूगलकडे त्यासाठी एकदाच २५ डॉलर भरावे लागतात, ॲपलकडे दरवर्षी ९९. तीन, नव्या शाखेचे काम प्रथम आपल्याच कंपनीत मागावे. तेथे जुन्या अनुभवाची किंमत कायम राहते.

आणखी एक बाब आपल्या मुलांच्या फायद्याची आहे. उधारी, चलन, जीएसटी, मालाचा परतावा हे त्यांनी घरात पाहिलेले असते. हिशेबाचे किंवा दुकानदारीचे ॲप बनविणाऱ्या कंपनीला नुसती भाषा जाणणारे अनेक मिळतात. धंदा जाणणारा क्वचित मिळतो. ही जाण शाखा बदलली तरी बरोबर येते. साधने मात्र येतात आणि जातात. एकेकाळी नावाजलेल्या ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनची सेवा जानेवारी २०२२ मध्ये बंद झाली.

तेव्हा मुलाने शाखा बदलण्याची गोष्ट काढली, तर वडिलांनी ती उडवून लावू नये आणि लगेच होकारही देऊ नये. त्याला शेजारी बसवून खर्च, मुदत व अपेक्षित वाढ कागदावर लिहून घ्यावी. हिशेब जुळला, तर त्याला रोजचे ते दोन तास निवांत मिळतील अशी घरात व्यवस्था करावी.