‘पारंपरिक’ म्हणजे कुणाचं? : एका गाण्याचा माग

मंडळाच्या मागच्या बैठकीत लोकगीतांचा विषय निघाला होता. गावाकडून गाणी लिहून आणलेल्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, "काका, लोकगीताला कवी नसतोय ना? मग खाली काय लिहायचं?" मी चटकन म्हणालो, "पारंपरिक, असं लिही." सगळ्यांनी वहीत तसं लिहून घेतलं. घरी जाताना मात्र मला ते उत्तर बोचत राहिलं. चाळीसेक वर्षं इंग्रजी लोकगीतं, ब्लूज आणि रॉक ऐकणाऱ्या माणसानं तरी एवढ्या घाईनं तो शब्द वापरायला नको होता. त्या विद्यार्थिनीला नीट उत्तर देण्यासाठी हा लेख. त्यासाठी एकच गाणं घेतो, ‘द हाउस ऑफ द राइजिंग सन’.

हे गाणं मला पहिल्यांदा भेटलं ते होस्टेलात. माझा रूमपार्टनर गोव्याचा. त्याच्याकडे एक जुनी गिटार होती आणि दिवे गेले की तो हेच वाजवायचा. ए मायनर कॉर्ड धरायची आणि तारा एकदम न खाजवता एकेक सुटी छेडत जायचं. सहाच्या मोजणीचा ठेका, आपल्या दादऱ्याला जवळचा. गिटार शिकणाऱ्या निम्म्या पोरांचं पहिलं गाणं हेच असतंय, हे मला नंतर कळलं. त्यानं मला सांगितलं, "हे अ‍ॅनिमल्सचं गाणं." मी ते मानलं आणि पुढे कित्येक वर्षं इतरांनाही तसंच सांगत राहिलो.

अ‍ॅनिमल्स म्हणजे इंग्लंडच्या न्यूकॅसल शहरातली पाच पोरं. 1964 च्या मे महिन्यात, चक बेरीबरोबरच्या दौऱ्यावर असतानाच, त्यांनी लंडनमध्ये हे गाणं एका दमात रेकॉर्ड केलं. लांबी सुमारे साडेचार मिनिटं. त्या काळी रेडिओला तीन मिनिटांच्या आतली गाणी लागत, त्यामुळे एवढं लांब गाणं चालेल की नाही याची धास्तीच होती. पण ते आधी इंग्लंडमध्ये आणि मग अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. एरिक बर्डनचा आवाज तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचा, आणि ऐकताना वाटतं की हा माणूस सगळं आयुष्य उधळून बसलाय. ॲलन प्राइसचा ऑर्गन मध्येच चढत जातो, तिथं आजही माझ्या अंगावर काटा येतो. पुढं जे लिहिणार आहे त्यानं हे प्रेम कमी होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पण ती तबकडी पाहिली तर तिच्यावर काय छापलंय? ‘पारंपरिक, संयोजन : ॲलन प्राइस’. गिटारची ती सुप्रसिद्ध छेड हिल्टन व्हॅलेंटाइनची, आवाज बर्डनचा, मग नाव एकट्या प्राइसचं का? बँडमधल्यांनी सांगितलेली गोष्ट अशी की, लेबलवर पाच नावांना जागा नव्हती आणि अक्षरांच्या क्रमानं ॲलन पहिला येत होता. पारंपरिक गाण्याला कवी-संगीतकार नसल्यामुळे ते पैसे संयोजकाला मिळतात. त्यामुळे रॉयल्टी प्राइसला गेली. बाकीच्या चौघांची, विशेषतः बर्डनची, तक्रार पुढे कायम राहिली.

आता एक पायरी मागं. व्हॅलेंटाइननं कॉर्ड घेतल्या त्या बॉब डिलनच्या पहिल्या अल्बममधून. तो आला 1962 मध्ये. डिलननं ती मांडणी उचलली होती न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या डेव्ह व्हॅन राँक या मित्राकडून. व्हॅन राँकनं जुन्या चालीखालच्या कॉर्ड बदलून, अर्ध्या-अर्ध्या सुरानं खाली उतरणारा खर्ज बसवला होता. गाण्याचं काळीज हलवणारं जे काही आहे ते बरंचसं त्या उतरणीत आहे. डिलननं त्याला विचारलं, "तुझी मांडणी मी रेकॉर्ड केली तर चालेल काय?" व्हॅन राँक म्हणाला, "मीच करणार आहे लवकरच." तेव्हा कळलं की डिलननं ती आधीच रेकॉर्ड केली होती! मग व्हॅन राँक ते गाऊ लागला की लोक म्हणायचे, डिलनचं चोरलंय. बिचाऱ्यानं गायचं सोडलं. दोन वर्षांनी अ‍ॅनिमल्सची तबकडी आली आणि डिलन गाऊ लागला की लोक म्हणू लागले, अ‍ॅनिमल्सचं चोरलंय. त्यानंही सोडलं. हा किस्सा व्हॅन राँक स्वतः हसत सांगायचा.

पण व्हॅन राँककडे तरी ते कुठून आलं? इथून खरा अभ्यास सुरू होतो.

1937 च्या सप्टेंबरात ॲलन लोमॅक्स हा बावीस वर्षांचा तरुण, तबकडीवर आवाज कोरणारं अवजड यंत्र मोटारीत घालून केंटकीच्या डोंगराळ भागात फिरत होता. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी तो गाणी गोळा करीत होता. मिडल्सबरो या कोळसा खाणींच्या गावात, एका घरी, एका खाणकामगाराच्या मुलीनं त्याच्यासमोर हे गाणं म्हटलं. तिचं नाव जॉर्जिया टर्नर. वय सोळा. साथीला काही नाही, नुसता गळा. ते रेकॉर्डिंग आज इंटरनेटवर ऐकायला मिळतं. जरूर ऐका, मात्र अ‍ॅनिमल्सचं ऐकायच्या आधी ऐका. नंतर ऐकलं तर कान ऑर्गन शोधत बसतात.

जॉर्जियाच्या गाण्यात बोलणारी एक मुलगी आहे. न्यू ऑर्लिन्समधल्या त्या घरानं तिच्या आयुष्याची माती केली आहे. तिचा प्रियकर दारुडा आहे. आपल्या धाकट्या बहिणीला सांगा, माझ्यासारखं करू नकोस, असं ती विनवते. अ‍ॅनिमल्सच्या गाण्यात बोलणारा मुलगा झाला, प्रियकराच्या जागी जुगारी बाप आला आणि बहिणीला दिलेला इशारा जगातल्या सगळ्या आयांना दिलेला इशारा झाला. एवढ्या बदलानं गाण्याचा अर्थ किती फिरतो बघा. मुलगी बोलते तेव्हा ते घर म्हणजे कुंटणखाना असावा, असं वाटतं. काहींना तो बायकांचा तुरुंग वाटतो. मुलगा बोलू लागला की तोच जुगाराचा अड्डा होतो. घर नेमकं कुठलं, हे आजवर कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही.

इथं मी एकदा घसरलो होतो. एका कार्यक्रमात मी ठणकावून सांगितलं की मूळ गाणं बाईचं आणि इंग्लंडच्या पोरांनी ते पुरुषाचं केलं. पण क्लॅरन्स ॲशली या गायकानं ग्वेन फॉस्टरबरोबर हे गाणं 1933 मध्येच रेकॉर्ड केलं होतं, म्हणजे जॉर्जियाच्याही चार वर्षं आधी, आणि त्यात बोलणारा पुरुष आहे! ॲशली औषधं विकणाऱ्यांच्या फिरत्या खेळांत गाणारा माणूस. गाणं आजोबांकडून मिळालं, असं तो सांगायचा. तेव्हा ‘मूळ’ हा शब्द लोकगीतात जपून वापरावा. आपण जिथवर माग काढतो तिथं कुणीतरी गाणारं आधीच उभं असतंय.

मग नावाचं महत्त्व काय राहिलं, असं कुणी विचारेल. लोमॅक्सनं 1941 मध्ये वडिलांबरोबर काढलेल्या ‘अवर सिंगिंग कंट्री’ या पुस्तकात हे गाणं छापलं आणि तिथं जॉर्जिया टर्नरचं नाव दिलं. काही कडवी बर्ट मार्टिन याच्याकडून घेतली, तेही नोंदवलं. त्या एका नोंदीमुळेच पुढं अभ्यासक तिच्या घरापर्यंत पोचू शकले. पुस्तकातून गाणं गायकांकडे गेलं, गायकांकडून तबकड्यांवर, आणि प्रत्येक टप्प्यावर तिचं नाव गळत गेलं. गाणं जगभर वाजत असताना तिच्या हाती आलेली रक्कम अगदी किरकोळ होती. 1969 मध्ये, पन्नाशीही न गाठता, ती वारली.

हे वाचलं तेव्हा मला माझी आत्ती आठवली (आमच्याकडे आत्याला आत्ती म्हणतात). ती खानापूर तालुक्यातली. जात्यावर बसली की ओवीमागून ओवी. कॉलेजात असताना मी तिच्या सतरा ओव्या लिहून आणल्या आणि आमच्या भित्तिपत्रकात लावल्या. वर ‘संकलन’ म्हणून माझं नाव ठळक अक्षरांत, खाली ‘पारंपरिक’. सुट्टीत मोठ्या ऐटीत तो कागद तिला वाचून दाखवला.

तिनं विचारलं, "ह्ये नाव कुणाचं?"

"माझं, आत्ती."

"आनी ह्ये खाली?"

मी पारंपरिकचा अर्थ सांगितला, म्हणजे कुणाचंच नाही, जुनं, सगळ्यांचं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "कुनाचंच कसं? चार ओव्या माज्या आईच्या. दोन सासूच्या. पोरगं गेलं तवाची एक माजी हाय."

ती कुठली, हे मी तेव्हा विचारलं नाही. आज विचारायला ती नाही.

म्हणून त्या विद्यार्थिनीला माझं दुरुस्त केलेलं उत्तर असं. ‘पारंपरिक’ लिहायला हरकत नाही, पण तिथं थांबू नकोस. जिनं म्हटली तिचं नाव लिही, गाव लिही, तारीख लिही. तिला ती कुणाकडून आली तेही विचार. आई, सासू, शेजारीण, जे सांगेल ते. एखादा शब्द तुला चुकीचा वाटला तर तो सुधारू नकोस, दुसरीच्या तोंडी तीच ओवी वेगळी आली तर दोन्ही उतरवून घे. प्रियकराच्या जागी बाप कधी आला, हे आपल्याला कळतं ते कुणीतरी दोन्ही पाठ जपून ठेवले म्हणूनच. आणि छापायच्या आधी तिला विचार, नाव घालू का? काहींना नको असतं. तेही लिहून ठेव.

माझ्या त्या सतरा ओव्यांची जुनी वही मी परवा मंडळाच्या कपाटात आणून ठेवली आहे. ‘पारंपरिक’ शब्दाखाली आत्तीचं नाव आणि गाव घातलंय. तिच्या आईचं नाव चुलतभावाला विचारून मिळालं. सासूचं अजून मिळायचं आहे, त्यासाठी येत्या रविवारी खानापूरला जाणार आहे. कुणाला यायचं असेल तर सकाळी सातच्या बसला स्टँडवर या.