कढी, ताक की कॅप्सूल?

प्रश्न : दात काढल्यावर अँटिबायोटिक घेतलं, तेव्हापासून पोट बिघडलंय, थकवाही आहे. मेडिकलवाल्यानं प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जंतूंच्या, कॅप्सूल सुचवल्या. पोट, थकवा, चिडचिड सगळंच सुधारतं म्हणे. आम्ही तर रोज कढी खातो!
– एक गृहिणी, मूर्तिजापूर (जि. अकोला)

उत्तर : ताई, घाबरू नका. अँटिबायोटिक आतड्यातले उपयोगी जंतूही मारतं. गोळ्या संपल्यावर बहुतेकांचं पोट आपसूक सावरतं. कढीला मात्र उकळी फुटली की दह्यातले जंतू मरतात. चवीला फर्मास, पण पोटात जिवंत जंतू पोचवायच्या कामाची नाही. त्यापेक्षा जेवताना वाटीभर घरचं दही किंवा ताजं ताक घ्या. अकोल्याच्या उन्हात ते तसंही हवंच! आतड्यातल्या उपयोगी जंतूंना खायला लागतो चोथा, म्हणजे तंतुमय पदार्थ : ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, कांदा, लसूण.

कॅप्सूलनं थकवा आणि चिडचिड जाते, याचा पुरावा अजून कच्चा आहे. थकव्यासाठी आधी हिमोग्लोबिन तपासा. कर्करोगाचे उपचार किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच. आणि शौचातून रक्त, ताप किंवा वारंवार पातळ जुलाब असतील, तर ताकावर दिवस काढू नका. अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय गाठा.