पावतीवरचे तेल

बायोडिझेल हे इंधनच मुळी वाईट, असे म्हणणाऱ्यांच्या मेळ्यात मी सामील होणार नाही, हे प्रथमच नमूद करून ठेवतो. कारण आमच्या ४०७ टेम्पोचा इंधनपंप बसल्यापासून निर्मळच्या नाक्यावर जो तो मला "तरी सांगत होतो" असे ऐकवीत आला आहे, आणि सांगितले कोणीच नव्हते, ही वस्तुस्थिती आहे.

वनस्पतिजन्य तेलाचा कॉस्टिकच्या सान्निध्यात मिथेनॉलशी संयोग घडवून, त्यातील ग्लिसरीन वेगळे काढून, उरलेले द्रव्य धुऊन कोरडे केले म्हणजे जे सिद्ध होते ते बायोडिझेल. त्याला आयएस १५६०७ हे भारतीय मानक आहे; २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ते शेकडा पाच मिसळण्याचे उद्दिष्ट आहे; आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेलसाहेबांचे इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालले होते, हा इतिहास तर मला हे इंधन विकणाऱ्या विक्रेत्यानेच चहा पाजून ऐकविला. इतिहासाऐवजी त्याने आपल्या टाकीचे झाकण उघडून दाखविले असते तर चहाचे उपकार मी अधिक मानले असते.

विरार फाट्याच्या पुढे, अहमदाबाद महामार्गालगत, एका पत्र्याच्या शेडमध्ये त्याचा कारभार होता, आणि शेडवर हातभर अक्षरांत 'बायोडिझेल' अशी पाटी होती. भाव डिझेलपेक्षा पुष्कळ कमी. आणि सोनचाफा, मोगरा व वाडीतली भाजी घेऊन भल्या पहाटे दादर गाठणाऱ्यास डिझेलचा एकेक रुपया कसा बोचतो, हे वसईकरांस सांगावयास नको. लवकरच गाडी चढणीला धापा टाकू लागली, आणि एके पहाटे वर्सोव्याच्या पुलावर जी बंद पडली ती टोचन लावूनच परत आली. चाफ्याच्या पाट्या दुपारपर्यंत काळवंडून गेल्या. विक्रेत्यास फोन केला तर तो अत्यंत मृदू स्वरात म्हणाला, "काका, गाडी जुनी झाली तुमची."

हे अर्धसत्य होते, आणि म्हणूनच ते अधिक संतापजनक वाटते. उत्तम बायोडिझेलदेखील विद्रावक असते. वर्षानुवर्षे डिझेल पिऊन टाकीच्या तळाशी व नळ्यांत साचलेला गाळ ते सोडविते आणि तो सारा फिल्टरमध्ये येऊन बसतो. जुन्या गाड्यांच्या साध्या रबरी नळ्या व सील त्याने फुगतात. परंतु हे ज्याला ठाऊक होते, त्याने ते पहिली टाकी भरण्यापूर्वी सांगावयाचे, की पंप गेल्यानंतर?

आमच्या मिस्त्रीने नवा फिल्टर बसविला, तोही तुंबला. तेव्हा त्याने टाकीतले तेल एका काचेच्या बाटलीत भरून रात्रभर खिडकीत ठेवले. सकाळी तळाशी बोटभर तपकिरी, चिकट थर बसलेला. ती बाटली घेऊन मी शेडवर गेलो आणि तक्रारीसाठी रीतसर पावतीचा आग्रह धरला. आजवर "वहीत मांडतो" या सबबीवर ती टाळली जात असे. नाखुशीने फाडून दिलेल्या त्या पावतीवर मालाचे नाव होते 'इंडस्ट्रियल ऑइल'. पाटीवर एक आणि दस्तावर दुसरे! मी पावतीकडे पाहात राहिलो, आणि तो मात्र पुढच्या ट्रकची टाकी भरू लागला.

आता ज्यांना हे इंधन वापरावयाचेच आहे, त्यांच्यासाठी. सत्तावीस मिलिलिटर मिथेनॉलमध्ये तीन मिलिलिटर तेल टाकून हलवावे. निखळ बायोडिझेल पूर्णपणे विरघळते, तळाशी थेंब राहिले तर ते तेल अर्धेकच्चे आहे. मिथेनॉल विष आहे व पेटते, म्हणून हे काम उघड्यावर करावे. आरंभ डिझेलमध्ये विसावा हिस्सा मिसळून करावा, गाडीत फिल्टर शिलकी बाळगावा, आणि रबरी नळ्या आधीच बदलून व्हायटॉनच्या घालाव्यात. डिपस्टिकवर इंजिन ऑइलची पातळी चढलेली दिसली तर आनंद मानू नये. इंधन खाली उतरते आहे, ऑइल तत्काळ बदलावे. हे इंधन ओलावा शोषते, तेव्हा आपल्याकडील पावसाळ्यात ते महिनोन् महिने साठवू नये. वसईच्या थंडीचे भय नाही. पण पामतेलापासून केलेले बायोडिझेल भरून डिसेंबरात कसारा घाटाने नाशिकला जाऊ नये, ते पहाटे थिजू लागते. बाकी गाडीची निगा राखावी, हे सांगण्यात मतलब नाही.

कायद्याचेही सांगतो. केंद्र सरकारच्या ३० एप्रिल २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बायोडिझेलची विक्री डिझेलमध्ये मिश्रण करण्यासाठीच आहे आणि विक्रेत्यास राज्याकडे नोंदणी आवश्यक आहे. नोंदणीचा दाखला मागावा. "साहेब आल्यावर दाखवतो" असे उत्तर मिळाल्यास गाडी वळवावी.

वसईच्या तहसील कार्यालयात, पुरवठा शाखेकडे, मी पावतीच्या नकलेसह अर्ज गुदरला आहे. वाघोली, नाळे, भुईगाव, आगाशी या भागांतील ज्या गाडीवाल्यांकडे 'इंडस्ट्रियल ऑइल' असा मजकूर असलेल्या पावत्या असतील, त्यांनी त्या फाडू नयेत आणि आपलाही अर्ज त्याच शाखेत द्यावा.