परसातला सुरण

सुरण खाल्ला की घसा खाजतो. म्हणून कित्येक घरांत सुरण आणतच नाहीत. पण ही खाज घालवता येते, बरं का! मग परसातला सुरण घरादाराला पोटभर पुरतो.

सुरण कसा लावावा? मे महिन्यात हातभर खोल, हातभर रुंद खड्डा काढावा. दोन खड्ड्यांत दोन हात अंतर ठेवावे. खड्ड्यात माती व कुजलेले शेणखत भरावे. सुरणाचा अर्ध्या किलोचा तुकडा घ्यावा. तुकड्याला डोळ्याचा भाग हवाच. डोळ्यातूनच कोंब फुटतो. तुकडा शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवावा. मग डोळा वर करून पुरावा. पाणी साचू देऊ नये. साचले तर सुरण कुजतो.

सात-आठ महिन्यांनी पाने पिवळी पडतात, झाड लोळते. मग गड्डा खणून काढावा.

आता खाजेचे पाहू. सुरणात सुईसारखे टोकदार कण असतात. ते फार बारीक, डोळ्यांना दिसत नाहीत. तेच घशाला टोचतात. म्हणून हाताला तेल लावून सुरण चिरावा. साल जाड काढावी. फोडी चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात अगदी मऊ शिजवाव्या. मग तेलात मोहरी, हिंग, मिरचीची फोडणी द्यावी. कच्चट सुरण मुलांना मुळीच देऊ नये.

सगळे गड्डे खाऊन टाकू नका. बियाण्याचे गड्डे हवेशीर, कोरड्या जागी राखून ठेवा. बियाणे चुलीवर चढले, तर पुढच्या साली खड्डा रिकामाच राहील!

सांगा पाहू :
१. तुकड्याला डोळा का हवा?
२. सुरण चिंचेच्या पाण्यात का शिजवावा?