न्यायाची पायरी

मराठवाड्यातील हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. या जिल्ह्यातील वसमतची हळद दूरवर प्रसिद्ध आहे. परंतु ती लावणारे, काढणारे आणि शिजवून वाळवणारे हात बहुधा शेतमजुरांचे असतात. त्यांतील कोणाजवळ जमिनीचा लहानसा तुकडा असतो, कोणाजवळ तोही नसतो.

कल्पना करा, अशाच एका विधवा मजूर स्त्रीच्या घरी न्यायालयाचे समन्स आले आहे. पतीच्या मागे राहिलेल्या दीड एकरावर दिराने दावा सांगितला आहे. तिला अक्षरओळख नाही. वकिलाची फी देण्यास पैसा नाही. तालुक्याला जावे, तर त्या दिवसाची मजुरी बुडते. ती तो कागद फडताळात ठेवून देते. तारखेस ती हजर राहिली नाही, तर निकाल एकतर्फी लागू शकतो आणि हक्काची जमीन हातची जाऊ शकते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे म्हणतात. परंतु ती न चढल्याने जिचे सर्वस्व जाते, तिने काय करावे?

याचे उत्तर आपल्या राज्यघटनेत आहे. पैशाअभावी कोणीही न्यायाला मुकू नये, म्हणून शासनाने मोफत कायदेविषयक साहाय्य द्यावे, असे कलम ३९-अ सांगते. हे कलम १९७६ च्या घटनादुरुस्तीने आले. १९७९ साली बिहारच्या तुरुंगांत खटल्याविना वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या बंदिवानांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. तेव्हा, गरीब आरोपीला वकील मिळणे हा त्याचा हक्कच होय, असे न्यायालयाने बजावले. पुढे १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा संमत झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला.

या कायद्यान्वये जिल्ह्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्यासाठी तालुका विधी सेवा समिती असते. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना तेथे उत्पन्नाची अट नाही. इतरांचे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेहून कमी असावे लागते. वकिलाची फी व न्यायालयाचे शुल्क अर्जदारास द्यावे लागत नाही. अर्ज मराठीत करता येतो. ज्याला लिहिता येत नाही, त्याचे म्हणणे तेथेच लिहून घेतात, वाचून दाखवतात आणि मग त्याचा अंगठा घेतात. दोन्ही पक्ष राजी असल्यास लोकअदालतीत तडजोडही होते. तिच्या निवाड्यास दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही सल्ला मिळतो.

मुलांनो, हे साहाय्य म्हणजे दान नव्हे, हक्क आहे. परंतु जो हक्क ठाऊकच नाही, तो मागणार कोण? तुमच्या शेजारी असा कागद आला, तर तो वाचून दाखवा, त्यावरील तारीख नीट सांगा आणि कोठे जावे तेही सांगा. तुमच्या शिक्षणाचा एवढा उपयोग तुम्हांला आजही करता येईल.

शब्दार्थ
समन्स – न्यायालयात हजर राहण्याचा हुकूम
एकतर्फी – एकाच बाजूचे ऐकून दिलेला
खितपत पडणे – दुःखात दीर्घकाळ अडकून राहणे
हुकूमनामा – दिवाणी न्यायालयाचा लेखी निर्णय

स्वाध्याय
१. त्या स्त्रीने समन्स फडताळात का ठेवून दिले?
२. तिला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट आहे काय? कारण सांगा.
३. 'हे साहाय्य म्हणजे दान नव्हे, हक्क आहे', हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. 'मुकणे' आणि 'बजावणे' या क्रियापदांचा वाक्यांत उपयोग करा.