लेझीम, खंजिरी आणि परक्या भूमीवरील आपली ओळख

विद्यालयाच्या या स्मरणिकेसाठी लेखविषय ठरविण्यापूर्वीच आम्हां शिक्षकांपुढे एक प्रश्न येऊन उभा राहिला होता. वर्धापन सोहळ्यास परदेशातील काही उपासक पाहुणे म्हणून येणार आहेत. त्यांच्यापुढे विद्यार्थ्यांनी काय सादर करावे? बुद्धवंदना तर होणारच. पण ती पाहुण्यांना त्यांच्या देशातही ऐकावयास मिळते. मग वऱ्हाडचे म्हणून त्यांना काय दाखवावयाचे? लेझीम, असे बहुतेकांचे मत पडले. लेझमीस ताल देण्यासाठी डफडे लागेल, असे क्रीडाशिक्षकांनी सांगताच पालकसभेत मागच्या रांगेतील काही वडीलधारी मंडळी एकदम गप्प झाली. त्या शांततेचे कारण पुढे येईलच. तत्पूर्वी, आपल्या जिल्ह्यातून याच वस्तू घेऊन परदेशी गेलेल्यांचा इतिहास पाहणे आम्हांस आवश्यक वाटले.

अमरावतीचा विद्यार्थी ज्यास ‘हनुमान आखाडा’ म्हणून ओळखतो, त्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ साली अंबादासपंत व अनंत वैद्य या बंधूंनी केली. हुतात्मा राजगुरू यांनीही येथे व्यायामाचे शिक्षण घेतले होते. या संस्थेच्या तरुणांचे एक पथक १९३६ च्या ऑगस्टमध्ये ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिन येथे गेले आणि त्याने कबड्डी, मल्लखांब, लेझीम अशा देशी प्रकारांची प्रात्यक्षिके युरोपीय प्रेक्षकांपुढे केली. पदकासाठीच्या स्पर्धेत हे पथक नव्हते. जिंकणे वा हरणे हा त्याच्या प्रवासाचा हेतूच नव्हता. ‘आमच्याकडे हे असे आहे’ एवढेच त्यास दाखवावयाचे होते.

हे तरुण कोणत्या देशाचे प्रतिनिधी म्हणून गेले होते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. भारतास त्या वेळी स्वतःचे परराष्ट्र खाते नव्हते, स्वतःचा राजदूत नव्हता, मान्यता पावलेला स्वतःचा ध्वजही नव्हता. त्यातही वऱ्हाडची स्थिती अधिक विचित्र होती. १९०२ च्या करारान्वये निजामाने हा प्रांत वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने दिला होता. म्हणजे कारभार इंग्रजांचा आणि नाममात्र सार्वभौमत्व हैदराबादचे. हैदराबादच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला, तोही याच १९३६ सालात. अमरावतीच्या पोरांनी बर्लिनमध्ये स्वतःस भारतीय म्हणवून घेतले, तेव्हा कागदोपत्री त्यांच्यावर दोन दोन धनी हक्क सांगत होते.

त्याच ऑलिंपिकमधील हॉकीचा किस्सा सर्वश्रुत आहे. १५ ऑगस्ट १९३६ रोजी अंतिम सामन्यापूर्वी खेळाडूंनी कपडे बदलण्याच्या खोलीत तिरंग्यास वंदन केले, असे मेजर ध्यानचंद यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. मैदानावर मात्र तो ध्वज नव्हता. भारताने जर्मनीस ८-१ असे हरविले. हॉकी हा खेळ सर्वांस परिचित असल्याने तेथे आपण सरस आहोत हे आकड्याने सिद्ध होत होते. मल्लखांबाचे तसे नाही. जमिनीत पुरलेल्या, एरंडेल चोळून गुळगुळीत केलेल्या लाकडी खांबावर एक मुलगा पायाच्या पकडीवर उलटा लोंबकळतो आणि हात सोडून देतो, हे पाहणाऱ्याजवळ मोजण्यासाठी कोणतेच माप नसते. त्याने नुसते पाहावयाचे. आमच्या मते कलेचे दूतकार्य सुरू होते ते या ठिकाणी.

लेझमीविषयी थोडे विस्ताराने लिहावयास हवे. लाकडी दांडा, त्यास जोडलेली लोखंडी साखळी आणि साखळीत ओवलेल्या चकत्या एवढाच तिचा ऐवज. धनुष्याची दोरी ओढण्याच्या सरावातून ती आली, असे मानले जाते. हातात धरल्यावर ते पटतेही. ती एकाच वेळी व्यायामाचे साधन आहे आणि वाद्यही आहे. शंभर मुलांनी एकाच ठोक्यावर साखळी ओढली की जो आवाज निघतो, त्याच्यासाठी दुभाष्याची गरज नसते. भजनाचे शब्द भाषांतरित करावे लागतात, नाटकाचा तर निम्मा अर्थ वाटेतच सांडतो. परंतु ‘चार आवर्तन’ व ‘आठ आवर्तन’ यांतील फरक पाहणाऱ्याच्या कानास आपोआप कळतो. अमरावतीकरांनी परदेशी नेण्यासाठी हे प्रकार निवडले, यात आम्हांस व्यवहारज्ञान दिसते.

मात्र परदेशच्या मैदानावर गेल्यावर कलेच्या अंगात बदल होतो, हेही लक्षात घ्यावे. गावात लेझीम मिरवणुकीबरोबर चालते. ती पाहणारे दोन्ही बाजूंस असतात, काही तर मध्येच शिरून खेळू लागतात. प्रात्यक्षिकात तिला प्रेक्षकांकडे तोंड करून, ठरलेल्या मिनिटांत, सरळ रांगेत उभे राहावे लागते. आज आपल्या शाळांतून स्वातंत्र्यदिनी जी लेझीम होते ती बव्हंशी या दुसऱ्या प्रकारची आहे. त्यात काही वाईट नाही. पण पाहुण्यांसाठी बेतलेले रूप हेच मूळ रूप, अशी आपलीच समजूत होऊ नये.

बर्लिनच्या त्या सोहळ्याची दुसरी बाजू विद्यार्थ्यांपासून लपविणे योग्य नव्हे. यजमानाचा हेतू पाहुण्याच्या हेतूहून वेगळा असू शकतो. हिटलरच्या राजवटीस जगापुढे आपला चेहरा उजळ करून घ्यावयाचा होता. उंच उडीत जर्मनीची आशा असलेली ग्रेटेल बर्गमन केवळ ज्यू म्हणून संघातून वगळली गेली. ऑलिंपिकचे उद्घाटन १ ऑगस्टला झाले. त्याच्या पंधरवडाभर आधी, १६ जुलै रोजी, बर्लिनमधील सुमारे ६०० रोमा लोकांना पोलिसांनी धरून शहराबाहेर मार्त्सान येथील छावणीत नेऊन ठेवले. पाहुण्यांच्या नजरेस ते पडू नयेत, हा त्यामागील एक हेतू होता. हे रोमा कोण? शेकडो वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेलेल्या लोकांचे वंशज. त्यांच्या भाषेत आजही पाण्यास ‘पानी’ म्हणतात. गाणेबजावणे हा त्यांच्यातील कित्येकांचा पिढीजात व्यवसाय. एका मैदानावर भारतातून आलेल्या कलेस टाळ्या मिळत होत्या आणि त्याच शहराच्या कडेला भारतातूनच कधीकाळी निघालेली माणसे पहाऱ्यात बसली होती. आमच्या पथकातील तरुणांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, म्हणून त्यांस दोष देता येत नाही. आज मात्र आपणांस ठाऊक आहे.

१९४९ मध्ये स्वीडनच्या स्टॉकहोम येथे ‘लिंगियाड’ नावाचा व्यायाममहोत्सव भरला. स्वीडिश व्यायामपद्धतीचे जनक पेर हेन्रिक लिंग यांच्या स्मरणार्थ तो भरत असे. स्वीडन हा लोकसंख्येने लहानसा देश; पण आपली व्यायामपद्धती त्याने जगभर पोहोचविली आणि जगाला आपल्या अंगणात बोलावून तिचा उत्सव केला. अमरावतीचे पथक तेथेही गेले. या वेळी वर अशोकचक्रांकित तिरंगा होता. तेरा वर्षांत एवढा फरक पडला होता.

दुसरा प्रवास याच जिल्ह्यातील, पण अगदी निराळ्या माणसाचा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ साली यावली येथे झाला. गुरुकुंज मोझरी ही त्यांची कर्मभूमी. १९५५ साली जपानमध्ये भरलेल्या विश्वधर्म व विश्वशांती परिषदेस ते उपस्थित राहिले आणि तेथे त्यांनी खंजिरीवर भजन म्हटले. शालेय शिक्षण बेताचे, अंगावर साधी वस्त्रे आणि हातात तळव्याएवढ्या मापाचे वाद्य. एका बाजूस चामडे मढविलेली, कडेच्या खाचांत झांजा बसविलेली ती खंजिरी १९४२ च्या आंदोलनापूर्वी आष्टी-चिमूरच्या परिसरातील गावोगावी वाजली होती आणि त्यापायी महाराजांस कारावासही घडला होता. हिरोशिमा व नागासाकीच्या संहारास तेव्हा अवघी दहा वर्षे झाली होती. अशा देशात शांततेविषयी भाषण करण्यापेक्षा खंजिरी वाजविणे त्यांस जवळचे वाटले असावे, असा आमचा तर्क आहे.

जपानी श्रोत्यांस हातात धरून वाजविण्याचे वाद्य काही अपरिचित नव्हते. निचिदात्सु फुजी या जपानी भिक्खूंच्या परंपरेत पंख्याच्या आकाराचा, दांडी धरून काठीने वाजविण्याचा डफ असतो. त्यास उचिवा-दाइको म्हणतात. त्याच डफाच्या साथीने जप करीत फुजी गुरुजी १९३३ साली वर्ध्यास महात्मा गांधींच्या भेटीस आले होते. म्हणजे विदर्भाच्या मातीतून खंजिरी जपानला गेली त्याच्या २२ वर्षे आधी जपानचा डफ विदर्भात येऊन गेला होता. या देवघेवीत सरकारचा वाटा फारसा नव्हता. सरकारी पातळीवर सांस्कृतिक संबंधांचे काम करणारी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद मौलाना आझाद यांच्या पुढाकाराने १९५० साली स्थापन झाली. तिने पुढे मोठे काम केले, पण दोन्ही वाद्यांचा प्रवास वैयक्तिक श्रद्धेच्या बळावर झाला होता.

जगास आपल्याकडे बोलाविण्याचे उदाहरणही आपल्याच भूमीत सापडते. पापळचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख यांनी दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन घडवून आणले. ११ डिसेंबर १९५९ रोजी त्याच्या उद्घाटनास अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आले होते. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. आमचे अकोला जिल्ह्यातील विद्यार्थी सुटीत घरी जाता-येता त्या फाटकासमोरून जातात. आता त्यांनी तेवढे आठवावे.

पंजाबरावांच्या नावासरशी अमरावतीचे १९२७ साल येते. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांस प्रवेश मिळावा यासाठी जी चळवळ झाली तीत ते पुढे होते, आणि १३ नोव्हेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली होती. बर्लिनच्या नऊ वर्षे आधी! ज्या शहराची कला समुद्रापलीकडे जाऊ शकत होती, त्याच शहरात शेजारच्या माणसास देवळाची पायरी चढता येत नव्हती. परदेशी पाहुण्यापुढे राष्ट्राचे जे चित्र उभे केले जाते त्यात कोण कोण आहे, कोण वगळले गेले, हा प्रश्न म्हणून केवळ बर्लिनला विचारून भागत नाही.

आता पालकसभेतील त्या शांततेकडे वळू. डफडे हे वाद्य आमच्या विद्यार्थ्यांच्या आजे-पणजांनी हौसेने वाजविलेले नाही. लग्नाच्या वरातीपुढे, मयताच्या पुढे, देवीच्या जत्रेत ते वाजविणे हे जातीने लादलेले काम होते. मोबदला म्हणून शिळेपाके अन्न मिळे, आणि वाजविणाऱ्यास मांडवाबाहेर बसावे लागे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वऱ्हाडातील कित्येक गावांत आपल्या लोकांनी हे काम सोडले, त्यासाठी बहिष्कार सोसले. एक आजोबा सभेत उभे राहिले आणि म्हणाले, “गुरुजी, माह्या बापानं हे डफडं खुंटीवरून काढून फेकलं व्हतं. आता नातवाच्या गळ्यात तुम्ही अडकवता काय?” आम्हांपैकी कोणाजवळही त्याचे तयार उत्तर नव्हते.

उत्तर एका आजीबाईंकडून आले, तेही अर्धेच. त्या म्हणाल्या, “वाजवा म्हणून सांगतलं म्हणून वाजवणं येगळं, अन् आपल्या मनानं वाजवणं येगळं.” आजोबांचे समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही. ते बसले, एवढेच. आम्हांस स्वतःस दोघांचेही म्हणणे खरे वाटते. जलशांतून, भीमगीतांतून आपल्या कलावंतांनी जुनी वाद्ये नव्या कामास लावली आणि त्यांचा कलंक पुसला, हे खरे आहे. पण ज्याच्या पाठीवर वळ उठले आहेत त्यास ‘आता ही लोककला झाली’ असे सांगण्याचा अधिकार पाठ कोरी असलेल्यास नाही, हेही खरे आहे.

शेवटी असे ठरले की डफडे वाजवावयाचे. मात्र ते शिकण्यासाठी कोणत्याही विद्यार्थ्याचे नाव शिक्षकांनी सुचवावयाचे नाही. ज्यास इच्छा असेल त्याने पुढे यावे. सहा मुले व दोन मुली पुढे आल्या. त्यांत धारणीकडील एक कोरकू मुलगा आहे. ढोलावरचा हात त्याने घरीच कमावलेला असल्याने तो इतरांस शिकवू लागला आहे. दुसरे असे ठरले की कार्यक्रमापूर्वीच्या निवेदनात हे वाद्य कोण वाजवीत असे, त्यांस कोठे बसविले जाई आणि त्यांनी ते का सोडले, हे पाहुण्यांस स्पष्ट सांगावयाचे. परदेशी माणसांपुढे घरचे उणे कशास काढावयाचे, अशी शंका एका सहकाऱ्याने काढली. आम्ही ती मान्य केली नाही. निवेदन नववीची एक विद्यार्थिनी करणार आहे. मराठीतील मसुदा तिने स्वतः लिहिला, इंग्रजीसाठी तेवढे आमचे साहाय्य घेतले.

सायंवंदना संपली की लेझमीची तालीम सुरू होते. डफड्याचे चामडे तापल्याखेरीज आवाज धरीत नाही, म्हणून दोन मुले चार वाजताच ते उन्हात नेऊन ठेवतात.